रेस्ट संघ (मुंबई पंचरंगी क्रिकेट स्पर्धा, १९४३–४४)

रेस्ट संघ हा मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेत भाग घेणाऱ्या पाच संघांपैकी एक होय. हिंदू, मुस्लिम, पारशी व युरोपियन या चार संघांत ज्यांना स्थान नव्हते, अशा भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध इत्यादी समाजांतील खेळाडूंचा तो बनलेला असे. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झालेल्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने या संघाचा एक डाव व ६१ धावांनी पराभव केला. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात रेस्टच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. पराभूत संघाच्या फलंदाजाने खेळलेल्या भारतीय क्रिकेटमधील सर्वांत मोठ्या खेळींत तिची गणना होते. विजेत्या संघापेक्षा पराभूत संघाच्याच नावाने ओळखला जाणारा हा विरळा सामना आहे.

स्पर्धेचे स्वरूप

या स्पर्धेचे मूळ १८९२ पासून युरोपियन व पारशी यांच्यात होणाऱ्या ‘प्रेसिडेन्सी’ सामन्यांत आहे. १९०७ मध्ये हिंदू संघ आल्यावर स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या प्रवेशाने चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये रेस्ट संघ दाखल झाल्यावर तिला पंचरंगी हे रूप आले. त्याच वर्षी चर्चगेटजवळ भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने उभारलेले ब्रेबॉर्न स्टेडियम खुले झाले व स्पर्धा तेथे भरू लागली. नव्या मैदानावरील आसनांच्या वाटपावरून मतभेद झाल्यामुळे हिंदू संघाने पहिल्याच पंचरंगी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. रेस्टचे पदार्पण अशा रीतीने एका भांडणाच्या वर्षी झाले.

संघांची विभागणी धर्मानुसार व वंशानुसार होती. आजच्या वाचकाला ती खटकते. त्या काळीही ती अनेकांना खटकत होती. तथापि तिची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता गोलंदाजी शिकलेले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवणारे पाळवणकर बाळू हे दलित समाजातील गोलंदाज याच स्पर्धेमुळे देशभर माहीत झाले. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. म्हणजे एकाच संघाच्या पोटात जातीची लढाई चालू असताना संघासंघांत धर्माची स्पर्धा होत होती. रेस्ट संघाच्या वाट्याला मात्र असा स्वतःचा इतिहास नव्हता.

‘रेस्ट’ या नावाचा अर्थच ‘उरलेले’ असा आहे. इतर संघांची नावे ते कोण आहेत हे सांगत. हे नाव ते कोण नाहीत एवढेच सांगत असे. मरीन लाइन्सच्या किनाऱ्यालगत पारशी, इस्लाम व हिंदू जिमखान्यांची मैदाने ओळीने आहेत. त्या त्या समाजातील होतकरू मुलगा शाळेतून जिमखान्यात, जिमखान्यातून संघात असा वर चढत असे. रेस्टमधील खेळाडूंना एकत्र बांधणारा ना समाज होता, ना भाषा. ते स्पर्धेपुरते एकत्र येत आणि स्पर्धा संपली की आपापल्या गावी, आपापल्या नोकरीवर परतत. संघाच्या पराभवांची मीमांसा करताना ही गोष्ट सर्वप्रथम ध्यानात घ्यावी लागते. १९३७ ते १९४५ या काळात झालेल्या आठ पंचरंगी स्पर्धांपैकी चार मुस्लिम संघाने व चार हिंदू संघाने जिंकल्या. रेस्टला एकदाही विजेतेपद मिळाले नाही.

युद्धकाळातील क्रिकेट

युद्ध सुरू होताच इंग्लंडमधील कौंटी स्पर्धा थांबली; ती १९४६ मध्येच पुन्हा भरली. ऑस्ट्रेलियातील शेफील्ड शील्ड स्पर्धाही १९३९–४० नंतर युद्ध संपेपर्यंत बंद राहिली. हिंदुस्थानात मात्र रणजी करंडकाचे सामने एकही वर्ष न चुकता होत राहिले. कसोटी सामने नव्हते. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारताचा एकही कसोटी सामना झाला नाही. त्यामुळे ज्यांच्या उमेदीचा काळ नेमका या वर्षांत आला, त्यांच्यापुढे देशी स्पर्धांखेरीज दुसरे मैदान नव्हते.

या काळात धावांचा अक्षरशः पूर आला होता. १९४०–४१ मध्ये पुण्यात महाराष्ट्राने मुंबईविरुद्ध ६७५ धावा केल्या आणि मुंबईने उत्तरादाखल ६५० केल्या. त्या डावात महाराष्ट्राचे कर्णधार, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी २४६ धावा काढल्या. मार्च १९४५ मधील मुंबई विरुद्ध होळकर या रणजी अंतिम सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून दोन हजारांवर धावा झाल्या. गोलंदाजाला फारसा वाव न देणाऱ्या सपाट खेळपट्ट्या आणि अनेक दिवस चालणारे सामने ही त्याची उघड कारणे होती. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सामना पूर्ण झाला नाही तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागे. त्यामुळे प्रत्येक संघ आपला पहिला डाव शक्य तितका लांबवू पाहत असे. युद्धकाळातील विक्रम पाहताना ही पार्श्वभूमी विसरू नये. मात्र एवढे सांगून त्या विक्रमांचे मोल झटकून टाकणेही योग्य नाही, कारण सपाट खेळपट्टी दोन्ही संघांना सारखीच मिळत असे आणि त्याच खेळपट्टीवर अनेक संघ शंभर-दीडशे धावांत कोलमडल्याचीही उदाहरणे आहेत. प्रस्तुत सामन्यातील रेस्टचा पहिला डाव हे त्यांपैकीच एक.

स्पर्धेला विरोध

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले, तेव्हा खेळात जातीय तत्त्वावर संघ पाडणे आपल्याला मान्य नाही, असे मत त्यांनी दिले. युद्धामुळे जगावर संकट आलेले आणि सत्याग्रही तुरुंगात असताना असे करमणुकीचे सोहळे थांबले तर बरे, असाही त्यांचा अभिप्राय होता. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्या संपादकत्वाखालील ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या दैनिकाने स्पर्धेविरुद्ध सातत्याने लेखन केले. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ चळवळ सुरू झाली आणि त्या वर्षी स्पर्धा झालीच नाही.

१९४३ मध्ये ती पुन्हा भरली, तेव्हा परिस्थिती निवळली होती असे नाही. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते, काँग्रेसचे प्रमुख नेते अहमदनगरच्या किल्ल्यात होते, सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले होते आणि बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. मुंबईत धान्य रेशनवर मिळत होते. अशा वर्षी क्रिकेट पाहण्यास गर्दी करणाऱ्यांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे. पण तुरुंगवास, टंचाई व काळोखी रात्रींच्या त्या दिवसांत उघड्या मैदानावर चार दिवस दुसऱ्या कशात तरी मन गुंतवता येणे याचीही लोकांना गरज होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

विजय हजारे आणि दोन प्रकारचे संघ

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. जत संस्थानच्या राजांनी निमंत्रित केलेले ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. हजारे यांची उभे राहण्याची पद्धत व बॅटची पकड रूढ पद्धतीहून निराळी होती; ती बदलू नकोस, असे ग्रिमेट यांनी त्यांना सांगितले. हा सल्ला किती मोलाचा होता हे पुढील काळात दिसले. ते मध्यमगती गोलंदाजीही करीत.

रणजी स्पर्धेत संघ प्रांतानुसार व संस्थानांनुसार असत. तेथे हजारे महाराष्ट्राकडून खेळले. १९३९–४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी काढलेल्या नाबाद ३१६ धावा हे रणजी करंडकातील पहिले त्रिशतक होय. त्या वर्षी आणि त्याच्या पुढील वर्षी देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. नंतर हजारे बडोदा संस्थानच्या सेवेत गेले आणि १९४२–४३ मध्ये बडोदा विजेता ठरला.

येथे एक तुलना करण्याजोगी आहे. प्रांताच्या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या संघात हजारे होते तेव्हा तो संघ चार वर्षांत तीनदा अजिंक्य ठरला. धर्माच्या तत्त्वावरील स्पर्धेत त्यांना जागा मिळाली ती ‘उरलेल्यां’त, आणि तो संघ कधीच जिंकला नाही. खेळाडू तोच, वर्षे तीच. फरक होता तो त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या दहा जणांचा, आणि ते दहा जण कशाच्या आधारे निवडले जात होते याचा. महाराष्ट्राच्या संघात त्यांचे सहकारी असलेले मराठी खेळाडू पंचरंगीत समोरच्या संघाकडून खेळण्यास पात्र होते. स्पर्धेचे टीकाकार राष्ट्रैक्याच्या भूमिकेतून जे म्हणत होते, त्याचा साधा क्रिकेटमधील पुरावा म्हणून या उदाहरणाकडे पाहता येते.

१९४३–४४ चा हंगाम

पंचरंगी स्पर्धेतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या तोवर विजय मर्चंट यांच्या नावावर होती : नाबाद २४३, १९४१–४२ मध्ये. मर्चंट हे मुंबईतील गिरणीमालक ठाकरसी घराण्यातील. तंत्रशुद्ध व संयमी फलंदाजीचा आदर्श म्हणून त्यांचे नाव घेतले जाई. १९४३–४४ मध्ये हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा काढून हा विक्रम मोडला. या खेळीच्या बळावर रेस्टने मुस्लिम संघाला मागे टाकले आणि अंतिम फेरी गाठली. समोर हिंदू संघ होता, आणि त्यात मर्चंट होते.

अंतिम सामन्यात हिंदू संघाने प्रथम फलंदाजी केली आणि ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. मर्चंट नाबाद २५० राहिले. हजारे यांचा विक्रम दोन धावांनी मागे पडला. येथपर्यंत हा दोन विजयांमधला सामना वाटत होता. परंतु ५८१ मधून मर्चंट यांच्या २५० वजा केल्या तरी ३३१ धावा उरतात. हिंदू संघाकडे मर्चंट यांच्याखेरीजही फलंदाज होते, आणि सामन्याचा निकाल लावणारी खरी गोष्ट हीच होती.

रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यात हजारे यांच्या ५९ होत्या. ४४८ धावांची पिछाडी घेऊन संघाला फॉलोऑन स्वीकारावा लागला आणि दुसऱ्या डावातही पडझड तशीच सुरू राहिली. धावफलकावर ६० धावा लागल्या असताना पाच गडी परतले होते. डावाचा पराभव टाळण्यास अजून ३८८ धावा हव्या होत्या. या स्थितीत हजारे यांच्या साथीला त्यांचे बंधू विवेक हजारे मैदानात उतरले.

दोघा भावांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी केली. त्यात विवेक यांच्या धावा होत्या २१. हा आकडा प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटतो आणि अनेकदा गमतीने सांगितलाही जातो. परंतु त्या डावातील दुसरी महत्त्वाची खेळी कोणती, असा प्रश्न केला तर उत्तर या २१ धावांतच शोधावे लागेल. सहावा गडी लवकर पडला असता तर तळाच्या फलंदाजांसह त्रिशतक होण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. समोरच्या टोकाला कोणीतरी टिकून राहणे एवढेच हवे होते, आणि ते काम त्या दिवशी दुसऱ्या कोणालाही जमले नव्हते. विवेक यांनी धावांचा मोह धरला नाही. बचाव करीत राहिले आणि भावाला खेळू दिले.

भागीदारी फुटली तेव्हा धावसंख्या ३६० होती. डावाचा पराभव टाळण्यास अद्याप ८८ धावा कमी होत्या. त्यानंतर संघाच्या खात्यात केवळ २७ धावांची भर पडली आणि डाव ३८७ वर संपला. विजय हजारे यांच्या ३०९ धावा झाल्या. विक्रम पुन्हा त्यांच्याकडे आला. सामना हिंदू संघाने एक डाव व ६१ धावांनी जिंकला.

आकड्यांचे वाचन

३८७ पैकी ३०९ म्हणजे जवळजवळ ८० टक्के धावा. उरलेल्या ७८ पैकी २१ विवेक यांच्या. म्हणजे बाकीचे नऊ फलंदाज आणि अवांतर धावा मिळून ५७. दोन्ही डाव एकत्र धरले तर रेस्टच्या ५२० धावांपैकी ३६८ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. कसोटी क्रिकेटच्या अगदी पहिल्या सामन्यात, १८७७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बॅनरमन यांनी २४५ पैकी १६५ धावा काढल्या होत्या. ते प्रमाण सुमारे ६७ टक्के भरते. न्यूझीलंडचे ग्लेन टर्नर यांनी १९७७ मध्ये वुस्टरशरकडून १६९ पैकी नाबाद १४१ धावा करून ८३ टक्क्यांचा पल्ला गाठला, परंतु तो डावच लहान होता. एवढ्या मोठ्या धावसंख्येत एका फलंदाजाचा इतका वाटा असणे ही गोष्ट वेगळीच ठरते.

असे प्रमाण हे फलंदाजाचे भूषण असले तरी संघाच्या दृष्टीने ते दुखण्याचे लक्षण आहे, हेही या आकड्यांतच लिहिलेले आहे. हिंदू संघाच्या डावात मर्चंट यांचा वाटा ४३ टक्के होता, आणि तो संघ जिंकला.

पुढील घटना

विक्रमांची ही चढाओढ तेथेच थांबली नाही. काही आठवड्यांतच, त्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी सामन्यात मर्चंट यांनी मुंबईकडून नाबाद ३५९ धावा काढल्या. त्यांनी व रुसी मोदी (१६८) यांनी सहाव्या गड्यासाठी ३७१ धावा जोडल्या आणि मुंबईने ७३५ धावांचा डोंगर उभारला. हा मार सोसणारा संघ होता महाराष्ट्राचा, म्हणजे हजारे यांचाच जुना संघ, आणि हजारे आता त्यात नव्हते. लागोपाठ दोनदा अजिंक्य ठरलेल्या महाराष्ट्राचे युद्धाच्या मध्यावर काय झाले होते, हे या एका डावावरून कळते. मर्चंट यांचा विक्रम डिसेंबर १९४८ पर्यंत टिकला. तो मोडला महाराष्ट्राच्याच भाऊसाहेब निंबाळकर यांनी, पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढून. (महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे आजचे मैदान पिंपरी-चिंचवडलगत गहुंजे येथे आहे, या लेखातील पुण्याचे सामने त्याच्या कितीतरी आधीचे, जुन्या मैदानांवरील आहेत.)

हजारे यांना कसोटी पदार्पणासाठी १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत थांबावे लागले. तेव्हा त्यांचे वय एकतीस होते. मार्च १९४७ मध्ये बडोद्याकडून होळकरविरुद्ध त्यांनी (२८८) व गुल महंमद यांनी (३१९) चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतके (११६ व १४५) झळकावली, आणि भारत तो सामनाही एका डावाने हरला. चार वर्षांपूर्वीच्या ब्रेबॉर्नवरील अंतिम सामन्याची आठवण यावी असाच हा प्रसंग होता. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारे होते. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे त्यांचे निधन झाले. भारतातील प्रांतांच्या एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

पंचरंगी स्पर्धा आणखी दोन वर्षे चालली. १९४४–४५ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघावर एक गडी राखून विजय मिळवला. १९४५–४६ मध्ये हिंदू संघ विजेता ठरला. वाढत्या जातीय तणावामुळे १९४६ मध्ये स्पर्धा कायमची बंद करण्यात आली. इतर संघांचे जिमखाने व त्यांची मैदाने मरीन लाइन्सवर राहिली. स्पर्धेपुरताच अस्तित्वात असलेला रेस्ट संघ स्पर्धेबरोबर संपला.